शब्दकोड्याची उकल छापली पाहिजे

‘डाव उलटला, तळलेला पदार्थ समोर आला (2).’ हे वाक्य एखाद्या गोष्टीतले म्हणून वाचले, तर कुणाचा तरी बेत फसला आणि तेवढ्यात खायला काही आले, एवढेच चित्र उभे राहते. तेच वाक्य शब्दकोड्यातला क्लू म्हणून वाचले, तर त्यातला प्रत्येक शब्द काहीतरी काम करताना दिसतो. ‘डाव’ या शब्दाची अक्षरे उलट्या क्रमाने लिहायची आहेत, आणि तसे करायला क्लू स्वतःच सांगतो आहे. डा आणि व यांची अदलाबदल केली की ‘वडा’ मिळतो. वडा हा तळलेला पदार्थ आहे, म्हणजे उत्तर बरोबर असल्याची ग्वाही वाक्याच्या दुसऱ्या भागातून मिळते. आणि उत्तर दोन अक्षरी आहे हे कंसातला आकडा सांगतो. सोडवणारा फसतो, कारण ‘डाव उलटणे’ हा वाक्प्रचार त्याच्या पुरता अंगवळणी पडलेला असतो. डाव हा एक शब्द आहे, त्याला अक्षरे आहेत आणि ती खरोखरच उलटवता येतात, हे त्याला चटकन सुचत नाही.

इंग्रजीत ज्याला क्रिप्टिक म्हणतात त्या कूट शब्दकोड्याचे मर्म या एका क्लूमध्ये आहे. एका टोकाला उत्तराचा सरळ अर्थ, दुसऱ्या टोकाला त्याच उत्तराकडे नेणारी अक्षरांची करामत, आणि दोन्ही मिळून सहज वाचता येईल असे एक वाक्य. मराठी वर्तमानपत्रांत रोज जे शब्दकोडे येते ते बहुधा या जातीचे नसते. तिथे ‘एक नदी (3)’ असा क्लू असतो, आणि यमुना, नर्मदा, कावेरी, गोमती यांपैकी कोणती, हे उभ्या शब्दांची अक्षरे जुळेपर्यंत कळायला मार्ग नसतो. दुसऱ्या दिवशी भरलेली चौकट छापली जाते, आपले बरोबर आले की चुकले ते समजते आणि विषय संपतो. त्या कोड्यांवर वर्षानुवर्षे प्रेम करणारे वाचक आहेत आणि त्यांचा तो आनंद खरा आहे. ती कोडी काढून टाका असे मी म्हणत नाही. माझे म्हणणे असे आहे की मराठीला कूट शब्दकोडे हवे, ते मराठीत उत्तम होऊ शकते, आणि ते रुजायचे असेल तर चतुर कोडेकार मिळण्याइतकीच आणखी एक गोष्ट आवश्यक आहे. प्रत्येक क्लूची उकल, म्हणजे क्लूमधून उत्तर कसे निघते ते, छापली गेली पाहिजे आणि त्या उकलीवर वाचकांना उघडपणे वाद घालता आला पाहिजे.

या आग्रहामागे इंग्लंडमधल्या शंभर वर्षांचा अनुभव आहे. शब्दकोडे जन्मले अमेरिकेत. लिव्हरपूलहून तिकडे गेलेल्या आर्थर विन यांचे पहिले कोडे 21 डिसेंबर 1913 रोजी ‘न्यू यॉर्क वर्ल्ड’मध्ये छापून आले, आणि ते साध्या अर्थांचे होते. त्याला कूट वळण लागले ते पुढच्या दशकात इंग्लंडमध्ये. ‘ऑब्झर्व्हर’साठी एडवर्ड पॉविस मॅथर्स 1926 पासून टॉर्केमाडा या टोपणनावाने कोडी रचत असत. त्यांची कल्पकता अफाट होती, पण सोडवणाऱ्याला कुठवर चकवावे याला काही मर्यादा असावी, असे बंधन त्या काळात कुणी घालून घेतलेले नव्हते. 1939 मध्ये त्यांचे निधन झाल्यावर ती जागा डेरिक मॅकनट या ग्रीक-लॅटिनच्या शिक्षकाकडे आली. त्यांनी झिमेनेस हे नाव घेतले. स्पेनमधल्या धर्मन्यायालयाच्या क्रूर प्रमुखांची नावे कोडेकारांनी धारण करण्याची ही प्रथा होती, आणि 1972 मध्ये तीच गादी हाती घेतलेले जोनाथन क्राउदर यांचे ‘अझेड’ हे नावही अशाच एका प्रमुखाच्या, डेझाच्या, नावातली अक्षरे उलटवून केलेले आहे.

मॅकनट यांनी जे केले त्यातून आपल्याला शिकण्यासारखे पुष्कळ आहे. ते वाचकांना एक शब्द देत आणि त्या शब्दासाठी क्लू रचून पाठवायला सांगत. आलेल्या क्लूंमधून ते विजेते निवडत, आणि एवढ्यावर न थांबता एका छापील पत्रकातून निवडक क्लू आणि त्यांवरचे आपले भाष्य स्पर्धकांना पाठवत. अमुक क्लू चांगला का, तमुक क्लू चतुर असूनही अन्यायाचा का, एखाद्या क्लूमधला कोणता शब्द फुकटचा आला आहे, याची ही जाहीर चिकित्सा पुढे अनेक दशके चालू राहिली. आज ज्यांना ‘झिमेनेसचे नियम’ म्हणतात ते 1966 मध्ये त्यांनी पुस्तकरूपाने मांडले, पण त्याआधी ते सव्वीस-सत्तावीस वर्षे शेकडो हौशी वाचकांच्या क्लूंवर घासूनपुसून तयार झाले होते. क्राउदर यांनी त्यांचे सार तीन गोष्टींत सांगितले आहे: उत्तराची नेमकी व्याख्या, उत्तराकडे नेणारी न्याय्य करामत, आणि याखेरीज दुसरे काहीही नाही. अॅफ्रिट या नावाने कोडी रचणारे ए. एफ. रिची यांनी 1949 मध्ये हीच गोष्ट आणखी थोडक्यात सांगितली होती. मी जे बोलतो तेच मला म्हणायचे असेल असे नाही, पण मला जे म्हणायचे आहे ते मी बोललेच पाहिजे, असा त्यांचा दंडक होता. कूट शब्दकोड्यातली सगळी नीती या वाक्यात आली. कोडेकाराला दिशाभूल करण्याची मुभा आहे. खोटे बोलण्याची नाही.

नियमांविरुद्ध बंड करणारेही याच वातावरणात मोठे झाले. ‘गार्डियन’मध्ये 1958 पासून कोडी रचणारे धर्मोपदेशक जॉन ग्रॅहम, म्हणजे अरॉकेरिया, हे झिमेनेसचे नियम काटेकोरपणे पाळणाऱ्यांतले नव्हते. तरीही वाचकांचा त्यांच्यावर विश्वास होता, कारण ते कोणता नियम कशासाठी वाकवत आहेत हे वाचकांना कळत होते, आणि ते कळत होते याचे कारण नियमांची चर्चा सर्वांसमोर झालेली होती. जानेवारी 2013 मध्ये त्यांनी आपल्या एका कोड्याच्या वर एक वाक्य छापले: अरॉकेरियाला एकोणिसाव्या शब्दाचा अठरावा उभा झाला आहे आणि त्यावर तेरावा व पंधरावा उपचार चालू आहे. कोडे सोडवत गेले की त्या जागी कॅन्सर, अन्ननलिका आणि वेदनाशामक शुश्रूषा हे शब्द येत होते. नव्वदी ओलांडलेल्या माणसाने आपल्या आजाराची बातमी वाचकांना चौकटीतून दिली, आणि वाचकांनी एकेक अक्षर भरत ती समजून घेतली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये ते गेले. कोडे रचणारा आणि सोडवणारा यांच्यात इतके जवळचे नाते निर्माण होऊ शकते, हे मला या साहित्यप्रकाराच्या बाजूने सर्वांत भक्कम प्रमाण वाटते. कोडी सोडवल्याने स्मरणशक्ती तल्लख राहते वगैरे जे सांगितले जाते त्याचा आधार मी घेणार नाही. चांगले वाचन आनंदाचे असते एवढे कारण कवितेला पुरते, तर ते कोड्यालाही पुरावे.

आता मराठीकडे वळू. पहिला आक्षेप असा येतो की हा खेळ इंग्रजीच्या स्वभावाचा आहे, मराठीच्या अंगाला तो बसणार नाही. मला हे मान्य नाही. शब्द वेगळ्या ठिकाणी तोडून दुसरा अर्थ काढण्याची कला आपल्याकडे शाळेपासून शिकवतात. ‘औषध नलगे मजला’ ही ओळ श्लेषाचे उदाहरण म्हणून कितीतरी पिढ्यांनी पाठ केली आहे. ‘न लगे’ असे तोडले तर औषध नको, आणि ‘नल गे’ असे तोडले तर दमयंतीचे औषध म्हणजे नल. ओठांचा स्पर्श ज्यांना लागतो ती अक्षरे पूर्णपणे टाळून मोरोपंतांनी निरोष्ठ रामायण रचले. आणि कूट प्रश्न लोकांसमोर मांडून त्यावर भांडण्याची रीत तर आपल्याकडे थेट शाहिरीत आहे. भेदिक लावणीत कलगीवाले सवाल टाकत आणि तुरेवाले भर मंडळीत त्याचा जबाब देत. ज्याला जबाब सुचला नाही त्याची हार सगळ्यांना दिसे. त्या सवालांची उत्तरे बहुधा पुराणांच्या आणि अध्यात्माच्या ज्ञानावर अवलंबून असत, अक्षरांच्या मांडणीवर नव्हे, हा फरक मोठा आहे आणि तो झाकून परंपरेचा अभिमान मिरवू नये. पण कोडे ही चारचौघांत उकलायची गोष्ट आहे, ही जाणीव आपल्याला नवी नाही.

परंपरेपेक्षा प्रत्यक्ष क्लू अधिक बोलके असतात, म्हणून काही रचून दाखवतो. ‘बारमध्ये जा, खरेदी-विक्रीची जागा सापडेल (3).’ इथे ‘बार’ या शब्दाच्या आत ‘जा’ हे अक्षर घालायचे आहे, क्लू अक्षरशः तेच सांगतो आहे, आणि उत्तर ‘बाजार’. ‘त्यांना शिकवण्यात दडले गोदाकाठचे शहर (3).’ पहिल्या दोन शब्दांतली अक्षरे सलग वाचली तर ‘ना’, ‘शि’ आणि ‘क’ एकापाठोपाठ सापडतात. ‘चित्त आणि नारळाचे झाड जोडणारे रेल्वे जंक्शन (4).’ मन अधिक माड, म्हणजे मनमाड. ‘पराभव गळ्यात घालतात (2).’ हार. ‘षड्ज आणि तंबोऱ्यावर जुळवतात त्या मिळून जिल्हा (3).’ सा आणि तारा, अर्थात सातारा. इंग्रजी कोड्यांमध्ये एकेका अक्षरासाठी दिशांची, क्रिकेटची, लष्करातल्या हुद्द्यांची संक्षिप्त रूपे लागतात, आणि मुंबई-पुण्यातल्या मराठी माणसाला ती कोडी सोडवताना परक्या देशातल्या शाळा-कॉलेजांचा आणि नद्यांचा परिचय करून घ्यावा लागतो. मराठीत त्या जागी सप्तसूर आहेत, जा-ये-घे-दे ही एकाक्षरी आज्ञार्थी रूपे आहेत, तिथी, नक्षत्रे, तालुके आणि स्थानके आहेत. हा साठा कुणाला शिकवावा लागणार नाही.

देवनागरीची एक देणगी तर इंग्रजी कोडेकाराला हेवा वाटावा अशी आहे. इंग्रजीत विशेषनाम मोठ्या अक्षराने सुरू होते, त्यामुळे वाक्यातला शब्द माणसाचे नाव आहे की साधे नाम, हे दिसताक्षणी कळते. विशेषनाम लहान अक्षराने लिहून लपवणे झिमेनेसच्या नियमात अन्यायाचे ठरते. आपल्याकडे ‘सागर’, ‘उदय’, ‘वसंत’, ‘विजय’ हे शब्द वाक्यात आले की ते माणसे आहेत की समुद्र, उगवणे, ऋतू आणि जय, हे संदर्भानेच ठरते. म्हणजे दिशाभूल करण्याचे एक मोठे साधन मराठी कोडेकाराच्या हाती नियम न मोडता आयतेच येते.

अडचणी मात्र खऱ्या आहेत, आणि त्यांतली सर्वांत मोठी सामान्यरूपाची. इंग्रजीत शब्द वाक्यात कुठेही आला तरी त्याची अक्षरे बहुधा तशीच राहतात. मराठीत शब्दाला प्रत्यय लागला की शब्दच बदलतो. ‘काम’ उलटवले तर ‘मका’ मिळतो, ही जोडी कोणाही कोडेकाराला मोहात पाडील. पण ‘उलट्या कामातून पीक (2)’ असा क्लू केला तर कागदावर ‘काम’ नाही, ‘कामा’ आहे. वाचकाने आधी सामान्यरूपातून मूळ शब्द काढायचा आणि मग तो उलटवायचा. हे न्याय्य आहे का? एक पक्ष म्हणेल की मराठी माणूस हे काम बोलताना क्षणोक्षणी करतो, मग कोड्यात केले तर बिघडले कुठे. माझा कौल दुसऱ्या बाजूला आहे. जी अक्षरे उलटवायची, विस्कटायची किंवा शोधायची आहेत ती क्लूमध्ये जशीच्या तशी छापलेली असलीच पाहिजेत, कारण सोडवणाऱ्याच्या हातात ठोस असे तेवढेच असते. ‘काम उलटले आणि पीक हाती आले (2)’ असे लिहिले की अडचण मिटते आणि वाक्यही अधिक मराठी होते. ‘बारमध्ये’ चालते, कारण ‘बार’ हा बाहेरून आलेला शब्द ‘मध्ये’ लागूनही बदलत नाही. ‘घर’ असते तर ‘घरामध्ये’ झाले असते आणि क्लू कोसळला असता. मात्र जिथे कोडेकार शब्द न देता त्याचा अर्थ देतो आणि आपल्याला प्रतिशब्द शोधायला लावतो, तिथे प्रत्यय लागायला माझी हरकत नाही, कारण तिथे कागदावरची अक्षरे वापरायची नसतातच. माझे हे मत कदाचित टिकणार नाही. ते टिकते की नाही हे दहा कोडी आणि त्यांवरची दहा भांडणे झाल्यावरच ठरेल, आणि ती भांडणे छापून आली नाहीत तर कधीच ठरणार नाही.

दुसरी अडचण चौकटीची आहे. मराठी चौकटीच्या एका घरात मात्रेसह पूर्ण अक्षर बसते, आणि ते तसेच राहावे. काना-मात्रा सुट्या करून फिरवण्याची सूट दिली तर शक्यता इतक्या वाढतील की करामत आणि मनमानी यांतला फरक उरणार नाही. पण मग ‘महाराष्ट्र’ आडवा आला की ‘ष्ट्र’ हे जोडाक्षर असलेला उभा शब्द शोधावा लागतो आणि कोडेकार हतबल होतो. इथे इंग्लंडची जाळीदार चौकट आपल्या कामी येईल. त्या चौकटीत प्रत्येक शब्दाची साधारण एकाआड एक अक्षरेच दुसऱ्या शब्दाला छेदतात, त्यामुळे अवघड जोडाक्षर न छेदणाऱ्या घरात ठेवता येते. साध्या शब्दकोड्यात अशी चौकट त्रासदायक ठरते, कारण ‘एक नदी’ची खात्री करायला छेदणारी अक्षरेच लागतात. कूट क्लूमध्ये खात्री क्लूतच असते. म्हणजे मराठीच्या लिपीला साध्या कोड्यापेक्षा कूट कोडेच अधिक मानवते, असा निष्कर्ष निघतो. ह्रस्व-दीर्घाबाबत मी कठोर राहीन: आडव्या शब्दात ‘नी’ आणि उभ्या शब्दात ‘नि’ असे एकाच घरात चालू नये.

आता उकल आणि चर्चा यांचा मुद्दा एका क्लूवर तपासून पाहू. ‘कलम मोडले, पण फूल उमलले (3).’ उत्तर ‘कमल’. केवळ उत्तर छापले तर सोडवता न आलेला वाचक एवढेच म्हणेल की कमळ फुलते हे ठीक, पण कलमाचा काय संबंध? त्याला पुढच्या वेळी हा क्लू सोडवण्यासाठी काहीही मिळालेले नसते. उकल छापली तर त्याला कळते की ‘कलम’ची तीन अक्षरे विस्कटली आहेत, ‘मोडले’ ही त्याची खूण आहे आणि ‘फूल’ हा अर्थ आहे. मग खरा विचार सुरू होतो. मोडणे म्हणजे तुकडे होणे. तुकड्यांची जागा बदलते असे त्या क्रियापदात कुठे आहे, असे एक वाचक विचारील, आणि ‘विस्कटले’ हा शब्द सुचवील. दुसरा म्हणेल की मग बागेतले चित्र बिघडते, कारण झाडाचे कलम मोडते, विस्कटत नाही. तिसऱ्याच्या लक्षात येईल की कलम लेखणीचेही असते आणि कायद्याचेही, आणि कायद्याचे कलम तर मोडतातच, म्हणून ‘मोडले’ हाच शब्द सर्वांत समृद्ध आहे. चौथा विचारील की बोलताना आपण ‘कमळ’ म्हणतो, मग ‘कमल’ का. आणि ‘उमलले’ हा शब्द अर्थाचा भाग आहे की नुसता जोडण्यासाठी आला आहे, असेही तो विचारील. या चार प्रश्नांपैकी एकही क्षुल्लक नाही. तीन अक्षरांच्या एका शब्दाकडे चार माणसे इतक्या बारकाईने पाहत आहेत, ही गोष्ट मराठीत आज सहसा घडत नाही. 3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, त्याचा आनंद मलाही झाला. पण त्यानंतरच्या समारंभांत भाषेच्या वयाविषयी जितके बोलले गेले त्या मानाने भाषेच्या रोजच्या हाताळणीविषयी फार कमी बोलले गेले.

एकट्याने सोडवण्यात मौज आहे, चर्चेने ती जाते, असे म्हणणारेही आहेत. त्यांची भीती चर्चेच्या वेळेबाबत रास्त आहे. उत्तरे जाहीर होण्याआधी कुणी उकल सांगत सुटला तर तो इतरांचा आनंद हिरावतो, म्हणून उकल पुढच्या आठवड्यात छापावी आणि पत्रे त्यानंतरच्या. पण उकल मुळीच नसावी, हे म्हणणे मला नव्या वाचकावर अन्याय करणारे वाटते. कूट कोडे कुणीतरी जाणत्याने शेजारी बसून दाखवल्याशिवाय वाचताच येत नाही. ज्या घरात असा जाणता नाही त्या घरातल्या मुलीला ते कोण दाखवणार? छापील उकल हाच तिचा जाणता.

संपादकांनी याला सुरुवात करताना रोजच्या कोड्याचा हव्यास धरू नये. रविवारच्या पुरवणीत आठवड्याला एक, अकरा बाय अकराची जाळीदार चौकट, तिच्यात वीस-बावीस क्लू, एवढे पुरे आहे. कोडेकाराचे नाव किंवा टोपणनाव छापले जावे. गोविंदाग्रज आणि केशवकुमार यांच्या भाषेत टोपणनावाचा संकोच कुणाला वाटू नये. त्याला मानधन मिळावे, आणि कोडे छापण्याआधी ते दुसऱ्या कुणीतरी कोरे सोडवून पाहावे, कारण रचणाऱ्याला स्वतःचा अन्याय दिसत नाही. इंग्लंडमधल्या वर्तमानपत्रांत यासाठी शब्दकोड्यांचे स्वतंत्र संपादक असतात. पुढच्या रविवारी प्रत्येक क्लूची उकल एका ओळीत यावी, आणि तिच्याखाली वाचकांचे दोन-तीन आक्षेप कोडेकाराच्या उत्तरासह. आक्षेप बरोबर असेल तर तो तसा मान्य केलेला छापावा. महिन्यातून एकदा वाचकांना एक शब्द द्यावा आणि त्यांच्याकडून क्लू मागवावेत. पहिला शब्द कोणता द्यावा असे मला विचारले, तर मी ‘पालघर’ सुचवीन. त्यात पाल आहे, घर आहे, पाल म्हणजे तंबूही आहे, आणि 1 ऑगस्ट 2014 रोजी वेगळा झालेला जिल्हाही. त्याचे क्लू किती तऱ्हांनी होतील ते वाचकांनीच दाखवावे.